पुढचं डावं चाक

राजूरच्या फाटकाजवळ निलय पिंपळशेंडेचं दुकान.
दारात सीट कव्हरं टांगलेली,
आत अगरबत्ती आणि नव्या रबराचा वास.
मी म्हटलं, चाकांना लावायचं काही दाखव.
त्यानं माझ्या मागं पाहिलं,
गाडीतून अजून कोणी उतरतं का.
कोणी उतरलं नाही.

मग काउंटरवर तीन वस्तू आल्या.
पिवळ्या डबीतलं मेण.
बाटलीत दुधासारखं पातळ सीलंट.
आणि मखमलीच्या खोक्यात अंगठ्याएवढी काचेची कुपी,
जणू सोनाराकडून आणली.

"मेण घ्या ताई, स्वस्त, अन् चमक अशी का तोंड पाह्यून घ्यान."
मी विचारलं, मे महिन्यात?
तो डबीचं झाकण फिरवत राहिला.

कायरहून वणी, वणीहून चंद्रपूर,
या रस्त्यावर ब्रेक किती वेळा दाबावा लागतो
ते मला विचारा.
कोळशाचे ट्रक, शेळ्या,
पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक,
आणि मागच्या सीटवर कुणाचा तरी नववा महिना.
ब्रेक तापतो, चाक तापतं,
वरून शेहेचाळीस अंशांचं ऊन.
मेण कशाला थांबेल?
आठ दिवसांत माहेरी निघून जाईल.

आणि कोळशाची धूळ थांबते.
ब्रेकच्या पुडीत मिसळून चाकावर भाजून बसते,
खरवडली तर नख जातं, ती जात नाही.

कुपी दोन वर्षं टिकते म्हणाला.
तिच्या पैशात मागचे दोन टायर येतात,
आणि मला टायरच घ्यायचे आहेत.
मी बाटली उचलली.
चारशे ऐंशी. वीस रुपयांचा स्पंज फुकट.

घरी बाबा बाजेवर.
आमचे बाबा वाढई. चाळीस वर्षं बंडीची चाकं केली,
बाभळीचे आरे, तुंबा, पुठ्ठे,
मग गोवऱ्यांच्या कड्यात धाव लाल करून
चाकावर चढवायची, पाणी ओतायचं,
वाफेतून फक्त त्यांचा आवाज यायचा: बसली.

"चाकाले कायचं औषध लावून रायली वं?
धावेले कोणी काही लावे काय? चालली का उजरे."
बाबा, हे लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे.
ते बराच वेळ हसले.
"ॲल्युमिनियमचा तं गंज असते पोरी, भात शिजवाचा!
मंग असं म्हण ना, चार गंजांवर गाडी चालवतो."

दुपारभर गोठ्याच्या सावलीत.
शाम्पू, जुना टूथब्रश, प्रत्येक आऱ्याच्या मागं बोट.
चाक थंड होऊ दिलं, हात ठेवून पाहिला,
ताप पाहतात तसा.
मग पातळ हात. थांबणं. पुसणं.
तासाभरानं दुसरा हात.
जुन्या ओढणीवर शेवटी काहीच काळं येईना,
तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

बाटलीवर लिहिलेलं: बारा तास पाणी लागू देऊ नये.
मी अंगणात खाट टाकली, उशाशी काठी.
पाण्याची भीती नव्हती, पाणी मे महिन्यात येणार कुठून.
भीती ठेकेदाराची.
ठेकेदार म्हणजे गेडामांचा कुत्रा.
गावातलं कुठलंही उभं चाक तो आपलंच समजतो.

रात्री दोनदा आला. दोनदा काठी आपटली.
पहाटे कधी तरी माझा डोळा लागला.

उठले तर तो पुढच्या डाव्या चाकाशी, पाय वर.
मी ओरडले, आणि मोबाइल पाहिला.
सात वाजून चार मिनिटं.

चाकावर थेंब उभे राहिले,
गोल, ताठ, एकमेकांना न चिकटता,
आणि एकेक करून घरंगळून मातीत गेले.
चाक कोरडं.

बाबा बाजेवरून वाकून पाहत होते.
कुत्र्याकडे नाही, चाकाकडे.
"बसली," म्हणाले,
आणि तंबाखूची डबी शोधू लागले.

मी बादली भरायला निघाले, तेवढ्यात फोन.
टेकामांची सून, कळा सुरू.
बादली तिथंच राहिली.
फाट्यापर्यंत रस्ता पांढरा आहे,
पुढं काळा.